नेटजवळची हेझल

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या टेनिस कोर्टावर सकाळी आठनंतर मुलींनी खेळायचं नाही, असा एके काळी शिरस्ता होता. गोष्ट विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची. हेझल हॉचकिस नावाची एक मुलगी भावांबरोबर सहालाच कोर्टावर जायची, मनसोक्त खेळायची आणि आठ वाजले की रॅकेट काखेत मारून घरी यायची. घरी अंगण होतं, पण खडीचं, ओबडधोबड. टप्पा पडलेला चेंडू कुठल्या दिशेला उसळेल याचा नेम नाही. मग भावंडांनी मधोमध दोरी बांधली आणि चेंडू जमिनीला लागूच द्यायचा नाही, असा खेळ मांडला. समोरून आला की हवेतच परतवायचा, पुढच्यानंही हवेतच. सोबतीला कुणी नसलं तर घराची भिंत होतीच.

टप्पा पडायच्या आत चेंडू परतवणं म्हणजे व्हॉली. त्या काळच्या अमेरिकेत बायका व्हॉलीच्या वाटेला फारशा जात नसत. घोळदार स्कर्ट, आत आवळलेलं कॉर्सेट, अशा पोशाखात बेसलाइनवर, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवर, उभं राहायचं आणि चेंडू परत परत पलीकडे पाठवत प्रतिस्पर्ध्याच्या चुकीची वाट बघायची, हा बायकांचा खेळ. नेटपाशी धावत जाऊन पॉइंट संपवून टाकणं पुरुषांनी करायचं. आणि या मुलीला सगळ्यात चांगलं काही येत असेल तर ते नेमकं हेच. ज्या अंगणात धड टेनिस खेळता येत नव्हतं, त्या अंगणानं तिला अमेरिकेतल्या बायकांना ठाऊक नसलेला खेळ शिकवला.

हेझलचा जन्म २० डिसेंबर १८८६ चा, कॅलिफोर्नियातल्या हील्ड्सबर्ग गावचा. लहानपणी प्रकृती तोळामासा. हिला मोकळ्या हवेत खेळू द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ती भावांच्यात मिसळून बेसबॉल, फुटबॉल असं हाताला लागेल ते खेळली. टेनिसशी तिची खरी गाठ पडली १९०२ साली, सॅन राफेलला. तिथे तिनं आधी सटन बहिणींचा खेळ पाहिला. त्यांच्यातली मे सटन पुढे १९०५ मध्ये विम्बल्डनची एकेरी जिंकणारी पहिली अमेरिकन खेळाडू झाली, म्हणजे खेळ काही ऐरागैरा नव्हता. पण हेझलला तो कंटाळवाणा वाटला. मागून मारायचं आणि मागूनच परतवायचं, यात तिचं मन रमेना. नंतर त्याच ठिकाणी तिनं सॅम आणि समनर या हार्डी बंधूंना दुहेरी खेळताना पाहिलं. दोघं मिळून पुढे सरकतायत, एक मागे गेला की दुसरा त्याची जागा घेतोय, चेंडू चौघांच्या मधे हवेतल्या हवेत फिरतोय. ते पाहून तिचं ठरलं की आपण हे खेळायचं.

ती टेनिसच्या प्रेमात पडली ती दुहेरी बघून, ही गोष्ट तिच्या चरित्रात बहुतेक ठिकाणी एका वाक्यात येऊन जाते. मी तिथेच अडकून पडले. कारण पुढची सत्तर वर्षं ती जे जे करत गेली, त्या सगळ्याचं मूळ मला या एका दुपारी दिसतं. एकेरीची चॅम्पियन ती होतीच, एकदा नव्हे चारदा. पण स्वभावानं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत दुहेरीची खेळाडू होती. आपला जोडीदार कुठे उभा आहे, त्याला काय झेपतंय, त्याच्या बाजूची कुठली जागा उघडी पडली आहे, हे न बघता तिला खेळताच येत नसावं.

दुहेरीला आपण भारतीयांनी तरी कमी लेखू नये. लिअँडर पेस, महेश भूपती, सानिया मिर्झा, रोहन बोपण्णा: मोठ्यांच्या गटातलं ग्रँड स्लॅमचं, म्हणजे टेनिसच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांमधलं, आपलं एकूण एक जेतेपद दुहेरीतलं किंवा मिश्र दुहेरीतलं आहे. तरीही यांच्यातल्या कुणाचं नाव निघालं की ‘हो, पण एकेरीत काय केलं?’ हा प्रश्न ठेवलेलाच असतो. मला त्या प्रश्नाचा राग येतो. मी स्वतः पुण्यात सकाळी दुहेरीच खेळते, आणि हौशी पातळीवरसुद्धा हा वेगळा खेळ आहे हे अंगावर आल्याशिवाय राहत नाही. नेटपाशी उभं असताना समोरचा फटका तुमच्यापर्यंत यायला बेसलाइनच्या निम्माही वेळ मिळत नाही. रॅकेट मागे न्यायला सवडच नसते. मनगट घट्ट ठेवायचं, रॅकेटचं तोंड चेंडूच्या समोर आणायचं, एक पाऊल पुढे टाकायचं आणि जणू चेंडू अडवायचाच आहे इतक्या थोडक्या हालचालीत तो रिकाम्या जागी ढकलायचा. हे सगळं एका श्वासात. आणि ते करताना कानामागे जोडीदाराच्या बुटांचा आवाज ऐकत राहायचं, कारण तो डावीकडे पळाला असेल तर उजवी बाजू आता तुमची असते. हेझल उंचीला जेमतेम पाच फूट. डोक्यावरून जाणारा चेंडू हा तिच्यासाठी कायमचा धोका. तरी ती पुढेच जायची. वेळ समोरच्याकडून हिसकावून घ्यायचा असतो हे तिला अंगणातल्या त्या दोरीपाशीच कळलं होतं.

१९०९ मध्ये कॅलिफोर्नियाची ही मुलगी आगगाडीनं अख्खी अमेरिका ओलांडून फिलाडेल्फियाला पोचली. बायकांची राष्ट्रीय स्पर्धा तेव्हा फिलाडेल्फिया क्रिकेट क्लबच्या हिरवळीवर व्हायची. आदल्या वर्षीच्या विजेतीनं फक्त शेवटचा सामना खेळायचा, बाकीच्यांनी आपापसात लढून तिच्यापर्यंत पोचायचं, अशी पद्धत होती. त्या वर्षीची गतविजेती मॉड बार्जर-वॉलॅक ही चाळिशीला टेकलेली. हेझलनं तिला ६-०, ६-१ असं हरवलं. त्याच स्पर्धेत इडिथ रॉचबरोबर दुहेरी जिंकली, वॉलेस जॉन्सनबरोबर मिश्र दुहेरी जिंकली. १९१० मध्ये पुन्हा तिन्ही. १९११ मध्ये पुन्हा तिन्ही. लागोपाठ तीन वर्षं, तीन प्रकार, नऊच्या नऊ जेतेपदं. १९११ ची अंतिम लढत फ्लॉरेन्स सटनशी होती, म्हणजे मे सटनच्या बहिणीशी. ८-१०, ६-१, ९-७. हा आकडा नुसता वाचला तरी दमायला होतं, घोळदार स्कर्टमध्ये तो खेळायचा म्हणजे काय असेल. त्याच वर्षी दुहेरीत तिची जोडीदार होती बॉस्टनची एलिओनोरा सीअर्स. हिचे काका रिचर्ड सीअर्स अमेरिकेचे पहिले राष्ट्रीय विजेते. १८८१ ते १८८७ अशी सलग सात वर्षं ते जिंकले होते. अमेरिकन टेनिस किती थोड्या घरांमधून वाढलं, हे अशा नात्यांवरून कळतं. हेझल त्या घरांपैकी नव्हती. ती तीन हजार मैलांवरून आली होती.

१९१० मधला एक सामना तर मला खोटा वाटावा इतका खरा आहे. सिअॅटलच्या स्पर्धेत हेझलनं हुइसकँप नावाच्या खेळाडूला ६-०, ६-० असं हरवलं आणि तिला एकही पॉइंट दिला नाही. बारा गेम, प्रत्येकी चार पॉइंट, म्हणजे सलग ४८ पॉइंट. कधीतरी चेंडू नेटला लागतो, कधी सर्व्हिस दोन्ही वेळा चुकते, वारा येतो, लक्ष उडतं. त्यातलं काहीच त्या दिवशी घडलं नाही.

आणि मे सटनशी तिची जुंपायची ती वेगळीच. मे ताकदीची, फोरहँड तोफेसारखा, कोर्टावर कुणाची भीडभाड न ठेवणारी. १९११ मध्ये कॅनडातल्या नायगारा-ऑन-द-लेकला दोघी समोरासमोर आल्या. पहिला सेट मेनं ६-० असा घेतला. दुसऱ्यात ५-१ अशी आघाडी. एवढा एक गेम काढला की संपलं. तिथून हेझलनं दुसरा सेट ७-५ असा खेचून आणला आणि तिसरा ६-० असा जिंकला. म्हणजे १-५ वरून सलग बारा गेम! इतकं मागे पडल्यावर बहुतेक खेळाडू बेसलाइनवर जाऊन चेंडू आत ठेवायचा प्रयत्न करतात, मीही तेच करते. तो सामना असा फिरवायचा तर भीती वाटत असतानाही पुढे जावं लागतं.

१९११ मध्येच ती पदवीधर झाली आणि १९१२ मध्ये बॉस्टनच्या जॉर्ज वाइटमनशी लग्न करून पूर्वेला राहायला गेली. त्या वेळी चॅम्पियन मुलीचं लग्न म्हणजे कारकिर्दीवर पडदा, असंच धरलं जायचं. पाच मुलं झाली. मधल्या काळात ती खेळायची थांबली, परतली, पुन्हा थांबली. १९१५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत नॉर्वेहून आलेल्या मॉला ब्यूरस्टेटविरुद्ध पहिला सेट घेऊन ती हरली. दुहेरी आणि मिश्र दुहेरी मात्र जिंकली. १९१९ मध्ये, बत्तीस वर्षांची असताना, मुलांची आई असताना, तिनं एकेरीचं चौथं जेतेपद मिळवलं. अंतिम सामन्यात मॅरियन झिंडरस्टाइनवर ६-१, ६-२. मॅरियनचं नाव लक्षात ठेवा, ती पुन्हा भेटणार आहे.

इथवरची गोष्ट कुठल्याही मोठ्या चॅम्पियनची असू शकते. यापुढची मात्र फक्त तिची आहे.

पुरुषांसाठी तेव्हा देशोदेशींच्या संघांचा डेव्हिस कप होता. हार्वर्डचा विद्यार्थी ड्वाइट डेव्हिस यानं चांदीचं भांडं दिलं आणि १९०० मध्ये बॉस्टनच्या लाँगवूड क्रिकेट क्लबवर अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात पहिली लढत झाली. बायकांसाठी असं काही नव्हतं. बाईनं स्वतःपुरतं खेळावं, देशाचा संघ वगैरे तिच्या वाट्याला नाही. हेझलला हे खटकलं. पहिलं महायुद्ध संपल्यावर तिनं स्वतः चांदीचा एक उंच चषक विकत घेतला आणि यावर सगळ्या देशांच्या बायकांच्या संघांनी खेळावं अशी कल्पना मांडली. काही वर्षं तो चषक तसाच राहिला, आंतरराष्ट्रीय पातळीवर कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्सला नवं स्टेडियम बांधून झालं, त्याच्या उद्घाटनाला काहीतरी मोठं हवं होतं, तेव्हा अमेरिकन टेनिस संघटनेच्या ज्युलियन मायरिक यांना हा चषक आठवला. ऑगस्ट महिन्यात अमेरिका आणि ब्रिटन यांच्या बायका त्यासाठी खेळल्या: पाच एकेरी, दोन दुहेरी. कर्णधार हेझल. तिनं एलिनॉर गॉसला घेऊन दुहेरीत किटी मकेन आणि फिलिस कॉव्हेल यांना तीन सेटमध्ये हरवलं आणि अमेरिका ७-० अशी जिंकली. चषकाचं अधिकृत नाव भलतंच लांबलचक होतं, त्यात तिचं नाव नव्हतंही. लोकांनी त्याला वाइटमन कप म्हणायला सुरुवात केली आणि तेच राहिलं. महायुद्धाची सहा वर्षं सोडली तर तो १९८९ पर्यंत दर वर्षी खेळला गेला.

तिच्या मनातला चषक याहून मोठा होता, दोन देशांचा नव्हे, सगळ्यांचा. तो यायला १९६३ साल उजाडलं. लंडनच्या क्वीन्स क्लबवर सोळा देशांच्या बायकांचे संघ फेडरेशन कपसाठी जमले. हेझल तेव्हा शहात्तर वर्षांची होती. त्याच फेडरेशन कपला आता बिली जीन किंग कप म्हणतात, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याच्या आशिया-ओशनिया गटाचे सामने आमच्या पुण्यात, म्हाळुंगे-बालेवाडीला झाले. भारताच्या संघात बार्शीची प्रार्थना ठोंबरे होती, आणि भारत तिथून प्ले-ऑफपर्यंत पोचला. या स्पर्धेत दोन एकेरी आणि एक दुहेरी असतात. एकेरीत बरोबरी झाली की अख्ख्या देशाचा निकाल दुहेरीवर येऊन ठेपतो. बार्शीच्या मुलीला देशासाठी दुहेरी खेळायला बालेवाडीचं मैदान मिळतं, त्यामागे बॉस्टनच्या एका बाईनं विकत घेतलेला चषक आहे, हे तिथल्या फलकांवर कुठे लिहिलेलं नसतं. लिहायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता १९२४ कडे येते. हे वर्ष मी मुद्दाम मागे ठेवलं होतं.

त्या उन्हाळ्यात हेझल सदतीस वर्षांची होती. अठरा वर्षांच्या हेलन विल्सला बरोबर घेऊन ती विम्बल्डनला गेली आणि दुहेरी जिंकली. तिथून दोघी पॅरिसच्या ऑलिम्पिकला. टेनिसचे सामने कोलोंबला होते. व्यवस्था यथातथाच, कोर्टं पुरती तयार झालेली नव्हती, कपडे बदलायच्या खोल्यांवरून खेळाडू वैतागले होते. इतका वाद झाला की त्यानंतर टेनिस ऑलिम्पिकमधूनच गेलं, ते पदकांसह परत आलं थेट १९८८ मध्ये. या ऑलिम्पिकला भारताचा टेनिस संघही होता. सिडनी जेकब एकेरीत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत जाऊन फ्रान्सच्या जाँ बोरोत्राकडून पाच सेटमध्ये हरला.

महिला दुहेरीचं सुवर्ण हेलन आणि हेझलनं घेतलं, अंतिम फेरीत पुन्हा मकेन आणि कॉव्हेल, ७-५, ८-६. मिश्र दुहेरीत हेझलचा जोडीदार होता रिचर्ड नॉरिस विल्यम्स. हा माणूस टायटॅनिकवर होता. १९१२ च्या त्या एप्रिलच्या रात्री त्याचे वडील त्याच्या डोळ्यांदेखत गेले. तो अर्ध्या बुडालेल्या बोटीत, बर्फासारख्या पाण्यात पाय बुडालेले अशा अवस्थेत काही तास तगला. कार्पेथिया जहाजावर घेतल्यावर डॉक्टर म्हणाले, पाय कापावे लागतील. त्यानं नकार दिला आणि दर थोड्या वेळानं उठून डेकवर चालत राहिला. पाय वाचले. त्याच पायांवर तो १९१४ आणि १९१६ मध्ये अमेरिकेचा एकेरीचा विजेता झाला. आणि आता, बारा वर्षांनी, पॅरिसला उपांत्य फेरीत त्याचा घोटा मुरगळला. धड चालवेना. त्यानं हेझलला सांगितलं की अंतिम सामना सोडून देऊ.

समोर होते व्हिन्सेंट रिचर्ड्स आणि मॅरियन झिंडरस्टाइन, म्हणजे आता लग्नानंतरची मॅरियन जेसप. रिचर्ड्स एकवीस वर्षांचा, याच ऑलिम्पिकमध्ये एकेरी आणि पुरुष दुहेरी अशी दोन्ही सुवर्णं मिळवलेला. म्हणजे जगातल्या सगळ्यात वेगवान पायांपैकी एक जोडी जाळीपलीकडे, आणि इकडे एक लंगडणारा पुरुष आणि सदतीस वर्षांची, पाच फुटांची, बाळंतपणांचा विचार न करता पळणारी बाई. हेझलनं त्याला सांगितलं ते थोडक्यात असं: तू नेटपाशी उभा राहा, धावायचं माझ्याकडे लागलं.

हे वाक्य मी कितीदा वाचलं तरी मला नव्यानं भिडतं. कारण नेट ही तिची जागा होती. लहानपणापासून, अंगणातल्या दोरीपासून तिची. बायकांच्या खेळात नेटपाशी कुणी जात नव्हतं तेव्हा ती तिथे गेली, त्या जागेवरून तिनं सगळं मिळवलं. ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात तिनं ती जागा जोडीदाराला देऊन टाकली आणि जे तिला सॅन राफेलला कंटाळवाणं वाटलं होतं ते बेसलाइनचं काम आपल्याकडे घेतलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक उंच चेंडू, प्रत्येक कोपऱ्यातला फटका तिचा. विल्यम्सनं हात पुरेल तिथलं घ्यायचं. मिश्र दुहेरीत त्या काळी पुरुषानं कोर्ट सांभाळायचं आणि बाईनं आपल्यापुरतं बघायचं अशी रीत होती. ती इथे पार उलटी झाली. ६-२, ६-३. सरळ सेटमध्ये सुवर्णपदक.

त्यानंतर मिश्र दुहेरी ऑलिम्पिकमध्ये आली ती २०१२ मध्ये, लंडनला. तोवर म्हणजे अठ्ठ्याऐंशी वर्षं कागदोपत्री हेझल आणि विल्यम्सच गतविजेते होते. ते सुवर्ण त्यांच्याकडून अखेर व्हिक्टोरिया अझारेन्का आणि मॅक्स मिर्नी या बेलारूसच्या जोडीकडे गेलं. हीच जोडी आपल्या लिअँडर आणि सानियाला उपांत्यपूर्व फेरीत दोन चुरशीच्या सेटमध्ये हरवून पुढे गेली होती. तो सामना बघताना मी जीव मुठीत धरून बसले होते. पदक हातचं गेलं याची हळहळ अजून आहे.

हेलन विल्सबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. ती पण बर्कलीचीच. पुढे ती सात वेळा अमेरिकेची आणि आठ वेळा विम्बल्डनची एकेरीची विजेती झाली, तिच्या पिढीतली निर्विवाद सर्वश्रेष्ठ. ती मुलगी असतानाच हेझल माहेरी गेली की तिच्याबरोबर तासन्‌तास खेळायची, तिला नेटपाशी यायला लावायची, पायांची हालचाल सुधारून घ्यायची. हेलन मुळात बेसलाइनची, धावपळ टाळणारी, चेहऱ्यावर रेष न हलू देणारी. दोघींचे स्वभाव दोन टोकांचे आणि एकत्र खेळताना त्या दुहेरीत कधी हरल्या नाहीत. १९२८ मध्ये त्यांनी राष्ट्रीय दुहेरी पुन्हा जिंकली तेव्हा हेझल एक्केचाळीस वर्षांची होती. आपल्याहून जवळपास एकोणीस वर्षांनी लहान मुलगी आपल्यापेक्षा मोठी खेळाडू होणार हे दिसत असताना तिला आपल्या हातानं घडवायचं, ही गोष्ट बोलायला सोपी आहे. खेळाच्या दुनियेत ती फार कमी लोकांनी केली आहे. बर्कलीचीच हेलन जेकब्सही तिच्या हाताखालून गेली. बॉस्टनच्या पालफ्री बहिणींना तिनं शिकवलं. त्यांच्यातली सारा १९४१ मध्ये अमेरिकेची विजेती झाली आणि मुलगी झाल्यानंतर १९४५ मध्ये पुन्हा.

मोठ्या स्पर्धांचा हिशोब मांडला तर हेझलची सतरा जेतेपदं: सोळा अमेरिकेची, एक विम्बल्डनचं. त्यांतली चार एकेरी. उरलेली तेरा कुणाबरोबर तरी. लाकडी कोर्टावरची इनडोअर स्पर्धा, ज्येष्ठांच्या स्पर्धा असं सगळं धरून अमेरिकेतल्या राष्ट्रीय जेतेपदांचा आकडा ४५ वर जातो. १९४३ मध्ये छप्पन्नाव्या वर्षी तिनं पॉलीन बेट्झबरोबर इनडोअर दुहेरी जिंकली. पॉलीन तेव्हा एकेरीची राष्ट्रीय विजेती होती, आणि वयानं तिच्या मुलीसारखी. मध्येच १९३० मध्ये स्क्वॉशचंही राष्ट्रीय विजेतेपद घेऊन झालं. या बाईला बसून राहणं माहीतच नव्हतं.

जॉर्ज वाइटमनशी लग्न १९४० मध्ये संपलं. मुलं मोठी झाली होती. हेझलनं चेस्टनट हिलला लाँगवूड क्लबजवळ घर केलं, आणि या घराबद्दल वाचताना मला तिच्या सगळ्या चषकांपेक्षा जास्त आनंद होतो. राष्ट्रीय दुहेरीची स्पर्धा लाँगवूडला असायची. खेळायला येणाऱ्या मुलींकडे हॉटेलचे पैसे नसत, कारण तो हौशी खेळाचा जमाना. जिंकलात तरी हातात पैसा नाही. या मुली हेझलच्या घरी उतरायच्या. जागा मिळेल तिथे गाद्या पडायच्या. ती त्यांना खाऊ घालायची, गाडीतून कोर्टावर न्यायची, संध्याकाळी सामन्यातल्या चुका सांगायची. आणि वर्षभर लाँगवूडवर मुलामुलींना फी न घेता शिकवायची. नाव असलेल्यांनाच नव्हे, रॅकेट धरता न येणाऱ्यांनाही. सगळे तिला मिसेस वाइटी म्हणत.

मी शाळेत असताना ज्या क्लबात खेळायला जायचे तिथे संध्याकाळची चांगली कोर्टं मोठ्या पुरुष सभासदांची असायची, आम्हा मुलींना दुपारच्या उन्हातलं कडेचं कोर्ट. त्यात कुणाला काही गैर वाटायचं नाही, आम्हालाही नाही. एक काकू होत्या, त्या स्वतःच्या वेळेतला अर्धा तास आम्हाला द्यायच्या आणि पलीकडे उभ्या राहून व्हॉली खेळवायच्या. त्यांचं नाव कुठल्याही यादीत नाही. हेझलबद्दल वाचायला लागल्यापासून मला कळायला लागलं की खेळ एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातो तो अशा उसन्या दिलेल्या अर्ध्या तासांतून. चॅम्पियन मंडळींनी हे करावं अशी कुणाची अपेक्षा नसते, म्हणून जिनं केलं तिच्याबद्दल इतकं लिहावंसं वाटतं.

१९५४ मध्ये तिनं शेवटचं राष्ट्रीय जेतेपद घेतलं, ज्येष्ठ महिलांच्या दुहेरीचं, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. १९५७ मध्ये न्यूपोर्टच्या टेनिस हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश झाला. १९७३ मध्ये वाइटमन कपला पन्नास वर्षं झाली, तेव्हा ब्रिटनच्या राणीनं तिला सीबीई हा मानद किताब दिला. ज्या देशाला हरवायला तिनं तेरा वेळा संघाचं नेतृत्व केलं, त्याच देशानं. ५ डिसेंबर १९७४ रोजी चेस्टनट हिलच्या घरी ती गेली. अठ्ठ्याऐंशी पूर्ण व्हायला पंधरा दिवस कमी होते. अंगात बळ होतं तोवर तिचं शिकवणं चालू होतं.